प्रश्नानंतरचे तीन सेकंद

शाळेतला तास काही साठ मिनिटांचा नसतो. पस्तीस-चाळीस मिनिटांत घंटा होते. त्यातच हजेरी, वह्या गोळा करणं, ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ आणि ऐन रंगात सूचनावही घेऊन दारात उभे राहणारे शिपाईकाका. जुईनगरच्या शाळेत लांबून येणाऱ्यांचं आणखी एक दुखणं. ठाण्याहून येणारी लोकल वाटेत रखडली, की बाईंचाच पहिला तास अर्धा.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली वर्षाचे तास ठरवून दिले. पाचवीपर्यंत ८००, सहावी ते आठवी १०००. ते भरतातही. त्यातला किती वेळ मूल विचार करत होतं, हे मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

अपूर्णांकांचा तास घ्या. एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? पुढच्या बाकावरचा हात प्रश्न संपायच्या आत वर. तिसऱ्या रांगेतली मुलगी वहीच्या कोपऱ्यात एक पोळी काढते. तिचे दोन भाग करते. शेजारी दुसरी पोळी. तिचे तीन भाग करताना पेन्सिल अडते, ओठ हलतात. तेवढ्यात पुढून उत्तर येतं, ‘शाब्बास’ होतं, फळ्यावर पुढचं गणित येतं. ती दोन्ही पोळ्या खोडून टाकते.

अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गांतल्या बोलण्याच्या फिती ऐकल्या होत्या. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली. एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

वेळेचं नियोजन म्हटलं की आपण टाचणवही उघडतो. उजळणी इतकी मिनिटं, नवा भाग इतकी, स्वाध्याय इतकी. थांबण्यासाठी तिथे रकाना नसतो. मिनिटं वाचवायची तर कामात वाचवावीत. वह्या मॉनिटर वाटेल, तारीख-वार मुलं लिहितील. पण वाचलेली मिनिटं आपण पुन्हा पोर्शनलाच देतो, आणि हे मला पटत नाही. पोर्शन संपवल्यानं गणित येत नाही.

आज एखाद्या तासाला प्रश्न विचारा आणि मनात तीन अंक मोजा. पहिला हात वर येईल, त्याला जरा थांबू द्या.