सूर्य, विहीर आणि सदका-ए-जारिया

परमदयाळू, कृपावंत अल्लाहच्या नावाने.



दिव्य कुरआनच्या सूरह वाकिआमध्ये अल्लाह मनुष्याचे लक्ष त्याच्या नित्याच्या गोष्टींकडे वेधतो. तुम्ही पेरता ते बी कोण उगवितो, तुम्ही पिता ते पाणी मेघांतून कोण उतरवितो आणि तुम्ही पेटविता त्या अग्नीचे झाड कोणी निर्माण केले, असा त्या प्रश्नांचा आशय आहे. पाणी आणि अग्नी यांचा उल्लेख येथे एकापाठोपाठ आला आहे. ज्याच्या घरी नळ उघडला की पाणी येते आणि बटण दाबले की दिवा लागतो, त्याला या प्रश्नांचे वजन सहसा जाणवत नाही. युद्धाने ज्यांची गावे उद्ध्वस्त झाली, त्यांना मात्र ते रोज जाणवते.

येमेनचेच पाहा. ही तीच भूमी, जिच्या सबा राष्ट्राची कथा सूरह सबामध्ये सांगितली आहे. मआरिबच्या बंधाऱ्यामुळे तेथे उजवीकडे आणि डावीकडे बागा फुलल्या होत्या. लोकांनी कृतज्ञतेकडे पाठ फिरविली तेव्हा बंधारा फुटला आणि बागांच्या जागी काटेरी झुडपे उरली. पुढे याच भूमीतील लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या कोमलतेची प्रेषितांनी प्रशंसा केली आणि ईमानाचा संबंध येमेनशी जोडला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

या देशात 2014 च्या अखेरीस संघर्ष पेटला आणि 2015 च्या मार्चपासून त्याने सर्वव्यापी युद्धाचे रूप घेतले. मआरिब येथील वायूवर चालणारे वीजकेंद्र देशाच्या वीजपुरवठ्याचा मुख्य आधार होते. लढाईत त्याच्या वाहिन्या तुटल्या आणि राजधानी सनासह अनेक शहरे अंधारात बुडाली. वीज गेली तसे पंप थांबले. डिझेलवर पंप चालवावेत, तर डिझेल मिळेना. मिळाले तर परवडेना. लोक मिळेल ते पाणी पिऊ लागले. 2017 संपेपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली होती. एका केंद्रावर सारा देश अवलंबून असला, तर एक तार तुटताच सर्वांच्या घागरी कशा रिकाम्या होतात, हे येमेनने भोगून पाहिले.

अशा स्थितीत तेथील सामान्य माणसाने शांतता-कराराची वाट पाहिली नाही. बाजारात सौर पॅनेल येऊ लागले आणि ज्याला जमले त्याने ते छपरावर बसविले. एक पॅनेल, एक बॅटरी, रात्री दोन दिवे आणि मोबाईल भारण्याची सोय, एवढ्यानेही घर पुन्हा घर झाले. मग दवाखाने, शाळा आणि गावच्या विहिरींवरही पॅनेल आले. विहिरीवरील सौरपंपाची रचना साधी असते. दिवसा ऊन असेपर्यंत पंप पाणी उपसतो आणि उंचावरच्या टाकीत भरतो. रात्री पंप बंद असला तरी टाकीतले पाणी उताराने घरोघरी जाते. तेथे महागड्या बॅटरीचे काम पाण्याची टाकीच करते. डिझेलचा टँकर नाक्यावर अडविता येतो, पण ऊन कोणत्याही नाक्यावर अडत नाही.

हज्जा प्रांतातील अब्स या गावी तर दहा महिलांनी मिळून एक लहान सौर वीजकेंद्र चालविले. लढाईची सीमा तेथून फार दूर नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने त्यांनी प्रशिक्षण घेतले, केंद्र उभारले आणि शेजारच्या घरांना व दुकानांना डिझेलपेक्षा पुष्कळ स्वस्त वीज पुरविली. ज्या उपक्रमात हे केंद्र उभे राहिले, त्याला 2020 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. काल ज्या भगिनी मदतीच्या रांगेत उभ्या होत्या, त्या आज आपल्या वस्तीला प्रकाश देणाऱ्या झाल्या. देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ असल्याची शिकवण आपल्याला प्रेषितांनी (स.) दिली आहे. घेणाऱ्या हाताला देणारा हात बनविणे, हे मदतीचे खरे उद्दिष्ट होय.

बंधू-भगिनींनो, आता हे पाणी आणि हा प्रकाश कोणाचा, या प्रश्नाकडे वळू या. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत. आजच्या काळात अग्नीच्या जागी इंधन आणि वीज ठेवून पाहा, म्हणजे या शिकवणीचा विस्तार ध्यानात येईल. ज्याने खर्च केला त्याच्या मालकीचा मान शरीअत राखते. परंतु तहानलेल्याला मागे लोटण्याचा अधिकार ती कोणालाही देत नाही. गरजेपेक्षा अधिक पाणी जवळ असूनही जो वाटसरूला ते नाकारतो, त्याच्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी कृपादृष्टीने पाहणार नाही, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे.

मदीनेत गोड्या पाण्याची टंचाई होती, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या पैशाने रूमाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली, हे आपण सर्व जाणतो. मात्र त्यातील एक अट आपल्या लक्षात राहत नाही. विहीर घेणाऱ्याची बादली इतर मुस्लिमांच्या बादलीसारखीच असेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. दात्याला रांगेत पुढची जागा नाही! विहिरीवर आपल्या नावाची पाटी लावून मग पाणी कोणाला द्यायचे हे ठरविणाऱ्यांनी या अटीचा विचार करावा.

येमेनच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्मरावी. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना याच देशाकडे पाठविताना प्रेषितांनी (स.) सूचना दिली होती की, जकात तेथील श्रीमंतांकडून घ्यावी आणि तेथीलच गरिबांना परत द्यावी. वस्तीचे सामर्थ्य आधी वस्तीच्याच कामी यावे, हा त्यातील बोध आहे. प्रत्येक गावाची आपली टाकी, आपला पंप आणि आपली समिती असावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

तथापि या कथेची दुसरी बाजू सांगितल्याविना ती पुरी होणार नाही. येमेनमध्ये नद्या बारमाही वाहत नाहीत. शेतीची भिस्त मोठ्या प्रमाणात भूजलावर आहे आणि देशातील सुमारे नव्वद टक्के पाणी शेतीलाच लागते. सनाच्या खोऱ्यातील पाण्याची पातळी युद्धापूर्वीच कित्येक दशके खाली जात होती. डिझेल महाग होते तेव्हा शेतकरी पंप मोजून चालवीत असे. सौरपंप आला आणि उपसा फुकट झाला. ऊन आहे तोवर पंप चालूच! जाणकारांनी इशारा दिला आहे की, अशाने भूगर्भातील साठा अधिक वेगाने रिता होईल.

येथे सूरह मुल्कची अखेरची आयत आठवते. तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा प्रश्न तेथे विचारला आहे. आपण ही सूरह रात्री पठण करतो, पण सकाळी बोअरचे बटण दाबताना तो प्रश्न विसरतो. डिझेलची किंमत हा बाहेरचा लगाम होता. तो सुटल्यावर ईशभयाचा आतला लगाम तरी शाबूत राहिला पाहिजे. वाहत्या नदीच्या काठीही वुजू करताना पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आढळते. नदी आटणार नसते, तरीही मनाई आहे. मग आटणाऱ्या विहिरीबद्दल काय बोलावे? समूद राष्ट्रासाठी अल्लाहने पाण्याची पाळी ठरवून दिली होती. त्यांनी ती पाळी मोडली आणि ते नष्ट झाले. पाण्याची पाळी ठरविणे हे केवळ व्यवस्थापन नव्हे, ती अमानत आहे.

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईसाठी कोणता सदका उत्तम, असे विचारले असता पाणी हे उत्तर मिळाले आणि त्यांनी विहीर खोदली. आपणही आई-वडिलांच्या नावे हातपंप बसवितो, दूरच्या बांधवांसाठी रक्कम पाठवितो. अल्लाह ती स्वीकारो. नियतचे फळ त्याच्यापाशी सुरक्षित आहे. परंतु जारिया म्हणजे वाहते राहणारे. बॅटरी काही वर्षांत निकामी होते, पंपात वाळू शिरते, पॅनेलवर धूळ साचते. सुटा भाग आणायला पैसा नसेल आणि बसवायला शिकलेला हात नसेल, तर लाखो रुपयांची योजना लोखंडाचा सांगाडा होऊन पडते. म्हणून देताना विचारावे की, दुरुस्तीचा निधी आहे काय, गावातील कोणा तरुणाला काम शिकविले आहे काय, दररोज किती उपसायचे हे ठरले आहे काय? उद्घाटनाला हजर राहणारे पुष्कळ असतात. पाच वर्षांनी विचारपूस करणारे थोडे.

येमेनच्या मोखा बंदरात एकदा एक हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. तोच पुढे दख्खनचा मलिक अंबर झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या आपल्या शहरासाठी नहर बांधली. ना इंधन, ना पंप. उताराच्या बळावर पाणी लोकांच्या हौदांपर्यंत पोहोचे. पुढे कित्येक पिढ्या त्या नहरीचे पाणी प्यायल्या. जेथे साफसफाई होत राहिली तेथे पाणी वाहत राहिले आणि जेथे दुर्लक्ष झाले तेथे मातीने वाट अडविली. सदका वाहता राखण्याचे रहस्य याहून वेगळे नाही.

तेव्हा या महिन्यात आपण एवढे तरी करू या. आपल्या घराण्याने बसविलेला हातपंप किंवा बोअर कोठे असेल, तर तो चालू आहे का हे जाऊन पाहू या. मशिदीच्या वुजूखान्यातील गळका नळ बदलू या. आणि युद्धग्रस्त बांधवांसाठी देताना एक हिस्सा उभारणीसाठी, तर एक हिस्सा देखभालीसाठी म्हणून वेगळा काढू या.

हे अल्लाह! येमेनला आणि युद्धाने होरपळलेल्या प्रत्येक भूमीला शांती दे. त्यांच्या विहिरींना पाणी आणि घरांना प्रकाश दे. तुझ्या देणग्या वाटून घेण्याची आणि जपून वापरण्याची तौफीक आम्हा सर्वांना दे. आमीन.