धोंडीबाचे प्रश्न

सावकाश बसा. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. तुम्ही जबलपूरच्या महाराजपुरात असा की पुण्याच्या एखाद्या पेठेत, बाहेर कुठे झाडू फिरत असेल तर तो ऐका. खर्र, खर्र. दुसरं काही करायचं नाही.

आता डोळे मिटा आणि समोर रंगमंच आणा. २०१२ साल, पुणे. नाटक गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’, दिग्दर्शक अतुल पेठे. सरावलेल्या नटांच्या जोडीने पुणे महापालिकेचे सफाई कामगार उभे आहेत आणि जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगताहेत.

त्यांच्यातल्या एकाकडे पाहा. चेहऱ्याआधी हात पाहा. शहराचा कचरा उचलणारे हे हात. नजर हलवू नका, श्वास चालू द्या. कौतुक वाटेल, वाटू द्या. मग त्या कौतुकाच्या तळाशी काय आहे तेही बघा. लाज सापडली तर झाकू नका.

जरा मागे जाऊ. १८६५मध्ये अमेरिकेने गुलामगिरी कायद्याने संपवली. आठ वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते त्या लढ्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाही तिथेच लिहिली. सातासमुद्रापारची ती सुटका या माणसाला परकी वाटली नाही. त्याआधी, १८६८मध्ये, त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्या हौदाच्या काठाशी थोडं थांबा. तहानलेला माणूस ओंजळ भरतो आहे आणि त्याला कोणी हटकत नाही.

जोतीरावांना नाटकाची ताकद आधीच उमगली होती. १८५५चं त्यांचं ‘तृतीय रत्न’ कुणबी नवराबायकोचं. जोशी त्यांना भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ती दोघं शिकायचं ठरवतात. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. ‘गुलामगिरी’ही संवादातच आहे: धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. मला त्यात धोंडीबा फार मोठा वाटतो. तो विचारत राहतो म्हणून पुस्तक पुढे सरकतं.

तुमच्या आतला धोंडीबा काय विचारतो आहे? उत्तराची घाई नको, प्रश्न पुरता उमटू द्या. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३मध्ये झाला, तरी गटारात माणूस का उतरतो? तो बहुतेक वेळा ठरावीक जातींतलाच का असतो? आपल्या घरी त्याच्या पाण्याचा पेला वेगळा आहे का?

प्रत्येक प्रश्नापाशी एक संथ श्वास. टाळावासा वाटेल त्यापाशी दोन.

आता डोळे उघडा. आज जेवणं झाल्यावर घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि ‘गुलामगिरी’चा पहिला भाग मोठ्याने वाचा. जोतीरावांचं बोलणं त्यांना द्या, धोंडीबा तुम्ही व्हा.