जुन्या मापाशी इमान

आपल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात साचलेला चुना खरवडला, की पाणी पुन्हा मोकळे वाहते. १६१५ च्या सुमाराची ती बांधणी. तिच्या दुरुस्तीने कोणाचे काही खोटे ठरत नाही. मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी.

इच्छापूर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना क्ष-किरण सांडतात. हे किरण पदार्थात किती शोषले गेले ते पाहिले, की अणूचा शेजारी किती अंतरावर बसला आहे ते कळते. अशा केंद्रातले स्फटिक, मोटारी, शोधक कालांतराने थकतात. ते बदलावेच लागतात. त्याला आमची ना नाही.

पण जुन्या यंत्रावर विसंबून ज्याने प्रबंध लिहिला, त्याचे आपण काय देणे लागतो? नव्याने वेगळा आकडा दिला तर चूक कोणाची? यासाठी तांब्याचा पातळ पत्रा आधी जुन्या यंत्रावर मोजावा, मग नव्यावर. ८९७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी तांबे क्ष-किरण एकदम अधिक शोषू लागते. ती कड कोणाच्या उद्घाटनासाठी सरकत नाही. या पडताळणीला दिवस लागतात, आणि बाहेर रांग खोळंबलेली असते. (कोनशिला तर असल्या कामाची कधीच बसत नाही!) तरी रांगेतल्यांनी ते दिवस सोडावेत. ज्याचे आकडे पणाला लागले आहेत, तो तिथे भांडायला हजर नसतो.