गैरहजर शिकाऱ्याचे उत्तरदायित्व

प्राणी ज्या जागी मरतो त्या जागी मारणारा उपस्थितच नसेल, तर त्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणावर? २००५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात हा प्रश्न कायदेमंडळापुढे आला. तेथील एका शिकारी रानात यंत्रावर रायफल बसवून तिला कॅमेरा व इंटरनेट जोडण्यात आले होते. पैसे भरणाऱ्या ग्राहकाने आपल्या घरी संगणकाच्या पडद्यावर जनावर पाहावे, नेम धरावा आणि बटण दाबून गोळी सोडावी, अशी ती योजना. अपंगांनाही शिकार करता यावी, असे तिचे समर्थन केले गेले. तरीही टेक्सास, व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया यांसह अनेक राज्यांनी अशा शिकारीवर बंदी घातली. शिकाऱ्यांच्या मोठ्या संघटनांनीही या प्रकारास विरोध केला.

वाचकहो, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची वाटेल. परंतु हिंगोलीच्या शेतकऱ्याला तिचे एक भावंड चांगले परिचयाचे आहे. रानडुकरे आणि रोही हळद, सोयाबीन, हरभरा एका रात्रीत उद्ध्वस्त करतात. मचाणावर जागल करून थकलेला एखादा शेतकरी वीजवाहिनीवर आकडा टाकतो, धुऱ्यालगत उघडी तार ताणतो आणि घरी येऊन झोपतो. येथे तर पडदाही नाही. तारेला कोण शिवले, हे सकाळीच कळते. २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच प्रवाहाने मेला. शेतपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. म्हणून अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा त्याचा बैलही त्या तारेवर जाऊ शकतो.

इस्लामने शिकार वैध ठरविली आहे, पण ती अटींसह. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेली शिकवण बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आहे. कुत्रा सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. शिकार जिवंत हाती लागली तर जिबह करावी. आपल्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा आढळला, किंवा बाण लागलेले जनावर पाण्यात पडलेले सापडले, तर ते खाऊ नये. कारण ते नेमके कशाने मेले, हे शिकाऱ्याला ठाऊक नसते. या सर्व अटींचा आशय एकच आहे. जीव घेणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचे ज्ञान असावे आणि ते काम नीट शेवटास नेण्यासाठी त्याने तेथे असावे. पडद्यावरचा शिकारी अल्लाहचे नाव घेईलही, पण तडफडणाऱ्या जनावरापर्यंत तो पोहोचणार कसा? आणि जिवंत प्राण्याला केवळ नेमबाजीचे लक्ष्य बनविणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये (५:९४) ईमानधारकांना सांगितले आहे की, हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह त्यांची परीक्षा घेईल. न पाहता त्याचे भय कोण बाळगतो, हे त्यातून उघड होईल. हा आदेश एहरामच्या संदर्भातील आहे, तथापि त्यातील बोध व्यापक आहे. आज आपल्या हाताचा टप्पा तारेइतका आणि इंटरनेटइतका लांब झाला आहे. टप्पा वाढला की परीक्षाही वाढते.

कोणी म्हणेल, डुक्कर हराम आहे, त्याची दया कशाला? त्याचे मांस हराम आहे. त्याला यातना देणे हलाल झालेले नाही. प्रत्येक बाबतीत उत्तम रीत अवलंबिण्याचा आणि जिबह करतानाही सुरीला धार लावण्याचा आदेश हदीसमध्ये आहे. पिकाची हानी करणाऱ्या प्राण्याला रोखणे, प्रसंगी मारणे, यास शरीअतची मनाई नाही.

दुसरा म्हणेल, शेत माझे आहे. हनफी फिक्हनुसार सार्वजनिक वाटेवर विहीर खोदणारा तीत पडून मेलेल्या माणसाच्या भरपाईस कारण ठरतो, मग तो त्या वेळी घरी झोपलेला का असेना. स्वतःच्या जमिनीतील विहिरीस मात्र हा नियम नाही. परंतु विहीर दिसते, प्रवाह दिसत नाही. शिवाय गावकऱ्यांची पायवाट धुऱ्यावरूनच जाते आणि आकड्याची वीज तर मुळात चोरीची असते. तेव्हा त्या सवलतीचा आधार येथे कसा घेता येईल? देशाचा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदाही सापळा आणि विषप्रयोग यांना शिकारच मानतो. मारणारा तेथे होता की नव्हता, हे विचारीत नाही.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. त्याला केवळ उपदेश करून चालणार नाही. ठार न करता झटका देऊन जनावर परतविणारे सौर कुंपण चार शेजाऱ्यांनी मिळून घ्यावे. पीकहानीचा पंचनामा करवून वनविभागाकडे भरपाई मागावी. उपद्रवी जनावर मारणे भागच असेल, तर कायदेशीर परवानगी घ्यावी. मशिदीच्या जमाअतने गरीब शेतकऱ्याला कुंपणासाठी हातउसने द्यावेत. हेही पुण्यकर्मच आहे. आणि ज्याच्या धुऱ्यावर आज उघडी तार आहे, त्याने ती आज सूर्यास्तापूर्वी काढावी. अल्लाह आपल्या पिकांचे आणि आपल्या हातांचेही रक्षण करो. आमीन.