मळ आणि जीव

आमच्या पारोळ्यात आता काही घरांतून काचेच्या पेटीत मासे पाळतात. दिवाळीच्या झाडलोटीत पेटीची गाळणीही नळाखाली धरून, शेवाळाचा बुळबुळीत थर जाईपर्यंत घासली जाते. पेटी लखलखते, पण दोन दिवसांत मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागतात.

त्या थरात जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट व मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखविले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. अशा वेळी चौथा हिस्सा पाणी काढून रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घालावे, हवेचा पंप चालू ठेवावा, खाणे थांबवावे. पुढे गाळणी पेटीतून काढलेल्या पाण्यातच नुसती खळबळावी.

हेतू चांगला होता, एवढ्याने का आपण सुटतो? किंमत तर मुक्या जिवाने मोजली! वर्गात मुलाची खोड मोडतानाही हा प्रश्न उभा राहतो: बडबडीबरोबर त्याचे कुतूहलही घासले जात नाही ना? मळ काढावा; पण त्याच्या आश्रयाने काय जगते, ते आधी पाहावे.