बंगला सोडलेले पाद्री

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की पिरंगुटनंतर पुढे कोळवण खोऱ्याची वाट फुटते. मुळशी तालुक्याच्या या भातशेतीच्या पट्ट्यात चिन्मय मिशनचं ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र उभं आहे. तिथे गीता-उपनिषदांची शिबिरं भरतात. याच संस्थेचे आचार्य अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, त्रिनिदाद अशा देशांत राहून वेदान्त शिकवतात. परमुलखात जाऊन धर्म सांगणं ही आता एकट्या पाद्र्यांची गोष्ट राहिलेली नाही. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेल्या पाद्र्यांचा इतिहास नव्याने वाचायला हवा. दुसऱ्याच्या दारात उभं राहून ‘माझ्याकडे सत्य आहे’ असं म्हणण्याचा हक्क माणसाला कशाने मिळतो?

उत्तर शोधायला धर्मशास्त्राची पोथी उघडण्याची गरज नाही. पाद्री कुठे राहत होते, काय खात होते, त्यांना पैसे कोण देत होतं, एवढं पाहिलं तरी बरंच उमगतं.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन पाद्री फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. धर्मप्रचाराने रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही कंपनीची भीती. परत जाण्याचे हुकूम निघाले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद बदलल्यावर त्यांचा मुक्काम पक्का झाला. गोरा पाद्री आला तो सरकारच्या गाडीत बसूनच आला, हे गृहीत निदान या आरंभाला लागू पडत नाही. हॉल यांनी मराठी शिकून घेतली, बाजारात आणि देवळांबाहेर उभं राहून लोकांशी वाद घातले, बायबलच्या मराठी भाषांतराला हात घातला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीची साथ सुरू होती. जवळची औषधं रोग्यांना वाटत ते फिरले आणि परतीच्या वाटेवर त्याच पटकीने गेले. वय एक्केचाळीस. बायको-मुलं आधीच अमेरिकेला परतली होती.

अशा नोंदी त्या काळात पानोपानी सापडतात. स्कॉटलंडच्या मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये नवऱ्याबरोबर मुंबईत आल्या. थोड्याच काळात मराठी शिकून त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, त्या मुंबईतच वारल्या. या माणसांच्या श्रद्धेशी कुणाचं पटो न पटो, तिच्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत खरी होती. ती नाकारणं कोत्या मनाचं लक्षण ठरेल.

सिंथिया फरार यांची हकीकत तर मराठी माणसाने घरातल्या माणसाची म्हणून सांगावी अशी. अविवाहित अमेरिकन बाईला मिशनने परदेशी पाठवणं तेव्हा दुर्मीळच. १८२७ मध्ये त्या आल्या, पुढे नगरला स्थिरावल्या, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा शेवट झाला. त्यांच्या शाळा पाहून प्रेरणा मिळाल्याचं जोतीराव फुल्यांनी पुढे सांगितलं. सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या तयारीतही त्यांचा वाटा आहे. स्वतः जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. जे पटलं ते उचललं, जे पटलं नाही ते ठेवून दिलं आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. धर्मप्रसाराची चर्चा करताना आपण ऐकणाऱ्याला फार दुबळा समजतो. जोतीरावांसारखा ऐकणारा भेटला, की सांगणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

पण सगळेच जोतीराव नसतात, आणि खरी अडचण पुढच्या पिढ्यांत उभी राहिली. मिशनचं बस्तान बसलं. मोठं आवार, मधोमध पाद्रीसाहेबांचा बंगला, कडेला उपदेशकांच्या आणि मास्तरांच्या खोल्या, मे महिन्यात महाबळेश्वर. आजारपणात मरणाऱ्या बायका-मुलांचा विचार करता बंगल्याची आणि थंड हवेची गरज समजते. तरीही त्या आवारात एक गाठ पडली ती सुटेना: प्रार्थनेत जो ‘बंधू’ होता, तोच महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा नोकर होता. भावाभावांत पगाराची वही आली, की कुणाचं मत कितपत मोकळं राहणार?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत राहिलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये राबले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार पुरता भरलाच नाही.

पंडिता रमाबाईंनी हीच ओढाताण समुद्रापलीकडे अनुभवली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे मठवासिनींच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण जेवण शाकाहारीच ठेवलं, आणि क्रुसावरची अक्षरं लॅटिनऐवजी संस्कृतात का नकोत, असं विचारलं. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ख्रिस्त त्यांना मान्य होता, पण त्यांच्या वतीने विवेक चालवायला निघालेला कारभार मान्य नव्हता. मठातल्या भगिनींना त्यांनी हे पत्रांतून स्वच्छ कळवलं. परदेशी सेवेला निघणाऱ्या कुठल्याही धर्माच्या प्रचारकाने रमाबाईंचा हा पत्रव्यवहार आधी वाचावा. ज्यांच्यावर उपकार होतात, त्यांना ते कसे टोचतात, हे त्यात कळतं.

मुळशी पेठेतल्या शेतकऱ्यांनाही बाहेरच्या माणसांनी परस्पर ठरवलेलं भलं काही दशकांनी भोगावं लागलं. टाटांच्या विजेच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी जात होत्या आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नायक झाले. अशा दिवसांत पुणे-नगरकडच्या गोऱ्या पाद्र्याला ‘मी फक्त धर्माचं बोलतो’ म्हणून मोकळं होणं कठीण होतं. त्याचा कातडीचा रंगच सरकारच्या बाजूने बोलत होता.

जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने हे ओळखलं. टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता; टिळकांवर त्यांनी १९२३ मध्ये पुस्तकही लिहिलं. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. इंग्रज आणि भारतीय एकत्र राहणार, खादी नेसणार, जमिनीवर बसून शाकाहारी जेवणार. संघ पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा पंचविशीतला व्हेरियर एल्विन त्यात दाखल झाला. बरोबर होते मराठी ख्रिस्ती घरातले शामराव हिवाळे.

एल्विन यांनी गांधीजींची बाजू उघड घेतली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा ते तिथे होते. मग सरकारशी बिनसलं. इंग्लंडहून परतण्यासाठी राजकारणापासून दूर राहण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. चर्चशीही बिनसलं. मंडल्याकडच्या गोंड आदिवासींच्या मुलखात काम करायचं तर राजनिष्ठेची शपथ घ्या, असा नागपूरच्या बिशपांचा आग्रह होता. एल्विन यांनी ती घेतली नाही. १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडलं. बंगला सोडणं विन्स्लोंना जमलं होतं. त्याच वाटेवर पुढे चालता चालता एल्विन यांच्या हातून ज्या निरोपासाठी ते निघाले होते तोही सुटला. याला पराभव म्हणावं का? चर्चच्या हिशेबाने होय. पण ऐकायला बसलेला माणूस बदलणार नाही अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि ही जोखीम पत्करल्याशिवाय दुसऱ्याला ‘तू बदल’ म्हणण्याचा हक्क मिळत नाही, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

सेवा करा, पण धर्मांतराचा हेतू ठेवू नका, असं गांधीजी मिशनऱ्यांना सांगत. हे पुरतं पटत नाही. जे आपल्याला जीवनाहून मोलाचं वाटतं, ते दुसऱ्यापासून लपवून ठेवण्यातही एक अप्रामाणिकपणा आहे. पण शाळा, औषध, धान्य हातात धरून केलेली विचारणा मोकळी राहत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात हाच आक्षेप घेतला आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत हे नियोगीही होते. आमिषाविरुद्ध लिहिणाऱ्या न्यायाधीशाने स्वतःच्या निवडीचा हक्क मात्र बजावला. या दोन गोष्टींत विरोध नाही, उलट एकीमुळे दुसरी उजळते.

विन्स्लोंच्या संघाच्या शिवाजीनगरच्या आश्रमात १९७० च्या दशकात पुन्हा जाग आली. सारा ग्रँट या ब्रिटिश कॅथलिक भगिनी तिथे राहिल्या. शांकर अद्वैताचा अभ्यास त्यांनी नुसत्या कुतूहलापोटी केला नाही. त्यांची स्वतःची श्रद्धाच त्यातून घडत गेली.

एल्विन यांचं नाव झालं. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक बनले आणि ईशान्येकडच्या आदिवासी कारभाराचे सल्लागार म्हणून गेले. शामराव हिवाळे मंडल्याच्या डोंगरांतच राहिले. एल्विन यांच्याबरोबर १९३२ मध्ये सुरू केलेल्या कामात कुष्ठरोग्यांचा आश्रम होता, शाळा होत्या, दवाखाना होता, आणि त्याचा रोजचा भार बव्हंशी शामरावांनी उचलला. नर्मदेकाठच्या परधान जमातीवर १९४६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. मराठी घरातून निघून गोंडी मुलखात आयुष्य घालवलेल्या या माणसाचं सविस्तर मराठी चरित्र प्रत्येक वाचनालयात असायला हवं होतं.