उसासे

2019 साली पुण्यात स्वारगेटला मेट्रोसाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक जुना कमानदार बोगदा लागला. जुन्या पाणीपुरवठ्याचा तो भाग असावा, असा अंदाज निघाला. ती बातमी वाचताना मला वाटलं, आपल्या पायांखालून काय वाहतं हे कळायला या शहराला आता खड्डाच खणावा लागतो.

पूर्वी तसं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. त्या नळावर ठिकठिकाणी दगडी उसासे बांधले होते. कोंडलेली हवा त्यांतून निघून जाई, गाळ काढायलाही ते उपयोगी पडत. नळ जमिनीत, पण त्याच्या पोटात डोकावायची सोय वर. शेवटी पाणी हौदात पडे, आणि ते गढूळ आलं तर पहिल्या घागरीलाच बोभाटा होई.

अर्थात घागर कोणी बुडवायची, हे जात ठरवत असे. पाण्याचा विटाळ माणसाच्या स्पर्शावरून मोजला जाई. पटकी मात्र कुणाची जात विचारत नव्हती. म्हणून 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ती पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी घटना वाटते.

आज दूषित पाणी म्हटलं की आपण धरणाकडे बोट दाखवतो. पण शुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरीन घालून सोडलेलं पाणीही वाटेत बिघडतं. ते ठरावीक वेळ येतं आणि जातं. गेलं की नळातला दाब उतरतो. शेजारून ड्रेनेजची लाईन गेलेली, कुठेतरी सांधा सुटलेला. रिकामा होणारा नळ ती घाण आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी ती घेऊन घरात येतं. पहिली बादली ओतून द्यायची, नळाला फडकं बांधायचं, ही घरोघरची रीत यातूनच आली. फडक्यात गाळ अडतो, कावीळ अडत नाही.

क्लोरीनच्या भरवशालाही मर्यादा आहे. दिल्लीत 1955-56च्या हिवाळ्यात यमुनेतून पाणी उचलतात तिथेच सांडपाणी शिरलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन होतं. विषाणू तरी निसटला. पुढे तो हिपॅटायटिस ई असल्याचं कळलं.

आपल्याकडे जानेवारी 2025मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद जायची. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्याच्याशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. संशय पाण्यावर गेला. या पट्ट्यातली गावं 2017 आणि 2021मध्ये महापालिकेत आली होती, पण नांदेडच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता नुसतं क्लोरीन टाकून घरोघर जात होतं. हद्द पुढे गेली, फिल्टर मागे राहिला.

त्याच वेळी भागातल्या खाजगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले गेले. काहींचं पाणी दूषित निघालं आणि त्यांना टाळं लागलं. म्हणजे विकतचा जारही शुद्धतेची हमी नव्हे. पण माझी तक्रार त्याहून मोठी आहे. घरात फिल्टर बसला की माणूस नळाच्या पाण्याबद्दल भांडायचा थांबतो. ज्याचा आवाज महापालिकेत पोचला असता, तो पैसे मोजून या भांडणातून बाहेर पडतो. मागे उरतात ते ज्यांचं कोणी ऐकत नाही असे. फुल्यांनी उघडलेला हौद आपण असा पुन्हा बंद करत आहोत. या वेळी जातीऐवजी पाकीट पाहून.

यावर उपाय म्हणजे नळाला पुन्हा उसासे हवेत. दगडाचे नव्हे, आकड्यांचे. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक आहे. ते तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ओटी टेस्टमध्ये औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. नाही झालं तर काहीतरी चुकलंय. खेड्यांत ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्थितीवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. मग शहरातल्या प्रत्येक टाकीबाहेर, प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी, आजचा आकडा खडूने लिहायला काय हरकत आहे? एकटं क्लोरीन सगळं सांगत नाही हे खरं. पण कालचा आकडा आज शून्यावर आला, तर नळ कुठे फुटलाय हे शोधायला कावीळ होईपर्यंत थांबावं लागणार नाही.

स्वारगेटच्या एसटी स्थानकात साताऱ्याची गाडी किती वाजता, हे फळ्यावर वाचता येतं. गाडी चुकली तर दुसरी असते. पाण्याचा फळा त्याच्याआधी लागायला हवा होता.